ईएक्स, टेरा, मेगा, एस स्पेक: पोकेमॉनची खास कार्डं नव्या खेळाडूने कशी वाचावीत

एप्रिल लागला की नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाय ठेवायची सोय नसते. कूलर सुरू, वाळ्याच्या ताट्या ओल्या आणि पोट्टे फरशीवर पत्ते मांडून बसलेले. आमच्या लहानपणी मेंढीकोट आणि बदाम सात चालायचं. आता त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलात रविवारी दुपारी पोकेमॉन कार्डांचे डाव रंगतात. माझ्या दोन्ही पोरांमुळे मी यात पडले आणि आता शेजारच्या मुलांनाही शिकवते.

नवं आलेलं मूल साधा खेळ दोन-तीन डावांत शिकतं. अडतं ते खास कार्डांपाशी. चकचकीत कार्ड खाली पडतं आणि आवाज चढतो, “काकू, हा चिटिंग करून राहिला!” बहुतेक वेळा कोणीच चिटिंग करत नसतं. दोघांनीही कार्ड अर्धंच वाचलेलं असतं. ते पूर्ण कसं वाचायचं, तेच इथे पायरीपायरीने सांगते. मुलासोबत नव्याने खेळायला बसलेल्या आईबाबांनीही हे वाचावं.

आधी साधा डाव पक्का करा

डेक म्हणजे खेळाडूचा स्वतःचा गठ्ठा, तो बरोबर 60 कार्डांचा असतो. सुरुवातीला हातात 7 कार्डं घ्यायची. त्यात एकही बेसिक पोकेमॉन (हातातून थेट खाली उतरवता येतो तो) नसेल तर हात दाखवून परत पिसायचं, आणि त्याबद्दल समोरच्याला एक कार्ड जास्त ओढता येतं. मग 6 प्राइझ कार्डं उपडी बाजूला ठेवायची. पुढे एक ॲक्टिव्ह पोकेमॉन, मागे बेंचवर जास्तीत जास्त 5. समोरचा पोकेमॉन नॉक आउट केला, म्हणजे पाडला, की आपल्याच प्राइझमधलं कार्ड उचलायचं, आणि सहाही आधी उचलेल तो जिंकला.

एका पाळीत हातातून एकच एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारं कार्ड) लावता येते आणि एकदाच रिट्रीट करता येतं, म्हणजे ॲक्टिव्ह पोकेमॉन बेंचवर मागे घेता येतो. हल्ला केला की पाळी संपली. आपल्या पहिल्या पाळीत पोकेमॉन इव्हॉल्व्ह करता येत नाही, म्हणजे त्याच्यावर पुढच्या टप्प्याचं कार्ड ठेवता येत नाही, आणि नुकताच उतरवलेला पोकेमॉन त्याच पाळीत इव्हॉल्व्ह होत नाही. डावाची सुरुवात करणाऱ्याला पहिल्या पाळीत हल्लाही नाही आणि सपोर्टर (मदतीच्या कार्डांचा एक प्रकार) कार्डही नाही.

मोबाइलवर पोकेमॉन टीसीजी पॉकेट खेळून आलेल्या मुलांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून टाका. तो खेळ याच घरातला असला तरी नियम वेगळे आहेत. तिथे डेक 20 कार्डांचा, एका नावाची दोनच कार्डं, बेंचवर तिघंच आणि प्राइझऐवजी 3 गुण. वीकनेसला (ज्या टाइपपुढे पोकेमॉन कमकुवत असतो त्याचा हल्ला) तिथे 20 वाढतात, टेबलावरच्या खेळात नुकसान दुप्पट होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये ते ॲप आलं तेव्हापासून आमच्याकडच्या निम्म्या भांडणांचं मूळ हेच आहे. एक पॉकेटच्या हिशोबाने बोलतो, दुसरा टेबलाच्या, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

मजकूर हाच हुकूम

मेंढीकोटात हुकमाचं पान पडलं की बाकीची पानं गप्प बसतात. या खेळात हुकूम म्हणजे कार्डावर छापलेला मजकूर. नियमपुस्तक एक सांगतं आणि कार्ड दुसरं सांगतं, तेव्हा कार्ड खरं. नियम म्हणतो की बेसिकवर आधी स्टेज 1 आणि मग स्टेज 2. रेअर कँडी नावाचं कार्ड म्हणतं, बेसिकवरून थेट स्टेज 2. तेव्हा कँडीचं ऐकायचं. पण ती जेवढं म्हणते तेवढंच ऐकायचं. पहिल्या पाळीत किंवा नुकत्याच उतरवलेल्या बेसिकवर ती चालत नाही, आणि हेही तिच्यावरच लिहिलेलं आहे.

म्हणून माझा आग्रह असतो की कार्ड नेहमी एकाच क्रमाने वाचा. आधी वरचं नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग डावीकडे बेसिक आहे की स्टेज 1 की स्टेज 2, आणि कशावरून इव्हॉल्व्ह होतो ते. मग उजव्या कोपऱ्यातला एचपी, म्हणजे पोकेमॉन किती नुकसान सोसतो तो आकडा, आणि त्याच्या शेजारचं टाइपचं (फायर, डार्कनेस अशा प्रकाराचं) चिन्ह. मग मधला ॲबिलिटीचा (हल्ल्याखेरीजच्या खास शक्तीचा) आणि हल्ल्यांचा मजकूर. त्याखाली वीकनेस, रेझिस्टन्स (ज्या टाइपचं नुकसान कमी होतं तो), रिट्रीट. आणि सगळ्यात शेवटी खालच्या बाजूला बारीक अक्षरांतली चौकट, जिला रूल बॉक्स म्हणतात. मुलं नेमकी ही चौकट सोडतात आणि वादाचं उत्तर बहुतेकदा तिथेच असतं.

पहिली पायरी: नाव पूर्ण वाचा

एका नावाची जास्तीत जास्त 4 कार्डं डेकमध्ये चालतात. बेसिक एनर्जीला ही मर्यादा नाही. प्रश्न येतो तो “एक नाव” म्हणजे काय, इथे.

चॅरिझार्ड आणि चॅरिझार्ड ईएक्स ही दोन वेगळी नावं आहेत. ईएक्स हा नावाचाच भाग आहे, म्हणून दोन्हींची चार-चार कार्डं ठेवता येतात. उलट, चॅरिझार्ड ईएक्सची चार वेगवेगळ्या चित्रांची कार्डं असली, एक सोनेरी, एक पूर्ण चित्राचं, तरी ती चारच. चित्र बदललं म्हणून नाव बदलत नाही.

इव्हॉल्व्ह होतानाही हाच न्याय. रायचूच्या कार्डावर “पिकाचूवरून इव्हॉल्व्ह होतो” असं असेल तर तो साध्या पिकाचूवरच बसतो. पिकाचू ईएक्सवर बसत नाही, कारण ते नाव वेगळं. चॅरिझार्ड ईएक्स मात्र साध्या चार्मेलिऑनवर बसतो, कारण त्याच्या कार्डावर फक्त चार्मेलिऑन लिहिलंय.

2025 च्या सेटांमध्ये मालकाच्या नावासह आलेली कार्डं आहेत, तिथे नीट बघा. एन हे एका पात्राचं नाव. एनचा झोरोआर्क ईएक्स हा एनच्या झोरुआवरूनच इव्हॉल्व्ह होतो. घरात पडलेला साधा झोरुआ तिथे उपयोगाचा नाही. मालकाचं नाव शोभेला छापलेलं नसतं.

प्रोफेसर्स रिसर्च या सपोर्टरच्या बाबतीत उलटं आहे. त्यावर वेगवेगळ्या प्रोफेसरांची चित्रं असतात आणि कंसात त्यांची नावंही असतात, पण कार्डाचं नाव एकच. सगळे प्रोफेसर मिळून चार.

दुसरी पायरी: चौकट वाचा आणि प्राइझ मोजा

बाराखडीत लहान-मोठी लिपी नसते, त्यामुळे इथे मी “छोटं ईएक्स” आणि “मोठं ईएक्स” असं लिहिते. कार्डावर इंग्रजीत ते लहान अक्षरांत आहे की मोठ्या, यावरून कार्ड कोणत्या काळातलं ते कळतं.

सध्या दुकानात मिळतं ते छोटं ईएक्स. ते मार्च 2023 च्या स्कार्लेट अँड व्हायोलेट सेटपासून सुरू झालं. (त्याआधी 2003 मध्येही छोटं ईएक्स आलं होतं, पण ती कार्डं आता संग्राहकांकडे.) हा पोकेमॉन पडला की समोरचा 2 प्राइझ उचलतो. तो बेसिक असू शकतो, स्टेज 1 किंवा स्टेज 2 ही असू शकतो. मोठं ईएक्स 2012 पासून काही वर्षं चाललं आणि पडल्यावर त्याचेही 2 प्राइझ. मोठ्या भावंडांच्या जुन्या डब्यातून ती कार्डं निघतात तेव्हा गोंधळ होतो.

त्यानंतर जीएक्स आले, पडल्यावर 2. जीएक्समध्येच दोघातिघांची जोडी असलेले टॅग टीम असतात, ते पडले की 3. मग व्ही, पडल्यावर 2. व्हीवरून इव्हॉल्व्ह होणारा व्हीमॅक्स पडला की 3, पण व्हीवरूनच इव्हॉल्व्ह होणारा व्हीस्टार पडला तर 2. चार कार्डं जोडून एक होणारा व्ही-युनियनही आहे, त्याचे 3. ही सगळी पाठ करत बसू नका. आकडा चौकटीत छापलेला असतो.

मेगाबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण यावर दर रविवारी विचारणा होते. सप्टेंबर 2025 मध्ये मेगा इव्होल्यूशनचा नवा सेट आला. त्यातले मेगा ईएक्स पडले की समोरचा 3 प्राइझ घेतो. जुन्या काळचे मेगा, म्हणजे 2014 नंतरच्या काही वर्षांतले, पडल्यावर 2 द्यायचे आणि मेगा इव्हॉल्व्ह केलं की तिथेच पाळी संपायची. नव्यात तसं नाही. इव्हॉल्व्ह करा आणि त्याच पाळीत हल्लाही करा. जुनं आठवणारे दादा-काका नव्या मुलांना “तुझी पाळी संपली” म्हणून थांबवतात, तेव्हा कार्ड उलगडून दाखवा. नवे मेगा हे ईएक्सच धरले जातात, म्हणून ईएक्सला लागू होणारं कार्ड त्यांनाही लागू होतं. आणि प्रत्येक मेगा इव्हॉल्व्हच व्हावा लागतो असंही नाही. मेगा कांगास्खान ईएक्स बेसिक आहे, थेट बेंचवर उतरतो. मेगा ल्युकारिओ ईएक्स रायोलूवर बसतो. पुन्हा तेच, डावीकडचं वाचा.

प्राइझ मोजण्याचा खरा उपयोग डाव आखताना होतो. समोरच्याला सहा प्राइझ हवीत. तुम्ही तीन ईएक्स खाली ठेवले आणि ते पडले तर तीन नॉक आउटमध्ये खेळ आटोपला. दोन मेगा पडले तर दोनमध्येच. सगळे साधे, एका प्राइझचे पोकेमॉन असतील तर समोरच्याला सहा वेळा मेहनत करावी लागते. मोठा पोकेमॉन खाली ठेवण्याआधी हा हिशोब मनात करा. समोरच्याचं एकच प्राइझ उरलंय आणि तुम्ही दोन ईएक्स वाचवत बसलात, पण पुढे साधा पोकेमॉन मरायला सोडलात, तर त्या एकानेही डाव जातो.

रूल बॉक्स आहे, पण प्राइझ एकच

काही कार्डं म्हणतात, “रूल बॉक्स असलेला पोकेमॉन”. इथे मुलं समजतात की दोन-तीन प्राइझवाला. चूक. ज्या पोकेमॉनच्या खाली नियमाची चौकट छापली आहे तो प्रत्येक पोकेमॉन यात येतो. 2022 मध्ये आलेले रेडियंट पोकेमॉन पडले तर एकच प्राइझ जातं, पण त्यांना चौकट आहे, कारण डेकमध्ये एकच रेडियंट चालतो हा नियम तिथे लिहिलाय. म्हणून पाथ टू द पीक हे जुनं स्टेडियम (दोघांनाही लागू होणारं मदतीचं कार्ड) टेबलावर असेल, जे रूल बॉक्सवाल्यांच्या ॲबिलिटी बंद करतं, तर रेडियंट ग्रेनिन्जाचीही ॲबिलिटी बंद. ते स्टेडियम आता स्टँडर्ड खेळात, म्हणजे फक्त अलीकडची कार्डं चालणाऱ्या स्पर्धेच्या प्रकारात, चालत नाही, तरी नियम समजायला उदाहरण चांगलं आहे.

तिसरी पायरी: टेरा, आणि टाइपचं चिन्ह

टेरा पोकेमॉन ईएक्स काचेसारखे चमकतात. त्यांची चौकट सांगते की हा पोकेमॉन बेंचवर असेपर्यंत हल्ल्यांचं नुकसान त्याला होत नाही, तुमच्या हल्ल्याचंही नाही आणि समोरच्याचंही नाही. ॲक्टिव्ह जागी आला की ढाल संपली. म्हणून समोरच्याच्या बेंचवरचा टेरा पाडायचा असेल तर बॉसेस ऑर्डर्ससारख्या सपोर्टरने आधी त्याला पुढे ओढायचं आणि मग मारायचं.

टेराची दुसरी गंमत म्हणजे काहींचा टाइपच बदललेला असतो. आमच्या हॉलात घडलेलं सांगते. सहावीतल्या मुलाकडे ऑब्सिडियन फ्लेम्समधला चॅरिझार्ड ईएक्स, 330 एचपीचा. समोर त्याच्याच वर्गातली मुलगी, तिच्याकडे गार्डिव्हॉयर ईएक्स, 310 एचपी. मुलाने दोन फायर एनर्जी लावलेल्या आणि बर्निंग डार्कनेस हा हल्ला केला. मूळ नुकसान 180. त्यात समोरच्याने आतापर्यंत उचललेल्या प्रत्येक प्राइझमागे 30 ची भर, पण मुलीने तोवर एकही उचललं नव्हतं. तर 180.

ती म्हणाली, “एकशे ऐंशीच. फायरचा वीकनेस माझ्या गार्डिव्हॉयरला नाही.” तो म्हणाला, “दुप्पट होते.” काहून दुप्पट, हे त्याला सांगता येईना. ती रडवेली झाली, तो हट्टाला पेटला.

दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. चॅरिझार्डच्या उजव्या कोपऱ्यात एचपीच्या शेजारी ज्वाळा नव्हती, काळं चिन्ह होतं, डार्कनेसचं. एनर्जी फायरची लागते, पण पोकेमॉन स्वतः डार्कनेस टाइपचा आहे. वीकनेस बघताना हल्ला करणाऱ्या पोकेमॉनचा टाइप बघतात, लावलेल्या एनर्जीचा नाही. आणि गार्डिव्हॉयरच्या तळाशी डावीकडे तेच काळं चिन्ह, गुणिले दोन. म्हणजे 360. एचपी 310. गार्डिव्हॉयर पडली, दोन प्राइझ गेले. मुलगी दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, “पुढच्या वेळी मी कोपरा आधी बघीन.” एवढं शिकली की खूप झालं.

वीकनेस आणि रेझिस्टन्स फक्त ॲक्टिव्ह पोकेमॉनला लागतात, बेंचवरच्याला नाही, हेही याच ओघात लक्षात ठेवा. आणि क्रम असा: आधी हल्ल्यातली भर घालायची, मग दुप्पट करायची, मग रेझिस्टन्सचे 30 वजा करायचे. क्रम उलटा केला की उत्तर बदलतं.

चौथी पायरी: नुकसान वेगळं, काउंटर वेगळा

माझ्या मते नव्या खेळाडूने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. इंग्रजीत एक शब्द आहे डॅमेज आणि दुसरा डॅमेज काउंटर. हल्ल्याच्या उजवीकडे 200 असा आकडा असतो ते डॅमेज. त्याला वीकनेस लागतो, रेझिस्टन्स लागतो, टेराची ढाल लागते. पण मजकुरात “इतके डॅमेज काउंटर ठेवा” असं असेल तर तो हल्ल्याचा परिणाम झाला, नुकसान नाही. एक काउंटर म्हणजे 10 एचपी, आणि तो सरळ ठेवायचा. वीकनेस नाही, दुप्पट नाही, टेराची ढालही नाही.

याचं उत्तम उदाहरण मे 2024 च्या ट्वायलाइट मास्करेड सेटमधला ड्रॅगापल्ट ईएक्स. फँटम डाइव्ह हा त्याचा हल्ला ॲक्टिव्हला 200 चं नुकसान करतो, आणि वर समोरच्याच्या बेंचवर हवे तसे वाटून 6 काउंटर ठेवतो. समोरच्याच्या बेंचवर टेरा चॅरिझार्ड बसलाय असं समजा. त्याचा मालक म्हणणार, बेंचवर आहे, त्याला काही होत नाही. होतं. काउंटर ठेवले जातात, सहाचे सहा त्याच्यावर ठेवले तर 60 एचपी गेले. आणि तोच ड्रॅगापल्ट स्वतः टेरा आहे, म्हणून आपल्या बेंचवर असताना हल्ल्यांच्या नुकसानापासून सुरक्षित, पण समोरच्या ड्रॅगापल्टच्या काउंटरपासून नाही.

घरी सरावासाठी हे करून बघा. दोन टेरा बेंचवर ठेवा, नाण्यांचे काउंटर करा, आणि एकदा “नुकसान” म्हणून आणि एकदा “काउंटर” म्हणून मारा. एकदा हाताने केलं की मुलं विसरत नाहीत.

पाचवी पायरी: ट्रेनर कार्डांचे पोटभेद

ट्रेनर म्हणजे पोकेमॉन आणि एनर्जी सोडून बाकीची मदतीची कार्डं. आयटम पाळीत कितीही. सपोर्टर पाळीत एकच. स्टेडियमही पाळीत एकच, आणि टेबलावर असलेल्याच नावाचं दुसरं स्टेडियम टाकता येत नाही. टूल म्हणजे पोकेमॉनला जोडायचं कार्ड, ते एका पोकेमॉनला एकच. एवढं सोपं आहे.

अवघड होतं ते “आयटम खेळता येणार नाही” असं म्हणणारं कार्ड आलं की. जानेवारी 2025 च्या प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्समधली बडू, 30 एचपीची चिमुकली कळी, एनर्जीशिवाय हल्ला करते. 10 नुकसान, आणि पुढच्या पाळीत समोरच्याला हातातून आयटम खेळता येत नाहीत. तेव्हा रेअर कँडी बंद, अल्ट्रा बॉल बंद, नेस्ट बॉल बंद. टूल? टूल चालतं. 2023 पासून टूल हा आयटमचा पोटभेद राहिला नाही, तो ट्रेनरचा स्वतंत्र प्रकार झाला. जुन्या टूल कार्डावर वर आयटम छापलेलं असलं तरी ते आता टूलच धरायचं. कार्ड खरं असा नियम मी वर सांगितला, त्यातला हा अपवाद. जुन्या कार्डाचा मजकूर नंतर अधिकृतपणे बदलला असेल तर नवा मजकूर धरायचा.

एस स्पेक ही चकाकत्या गुलाबी कडांची कार्डं. ती पहिल्यांदा 2012 मध्ये आली, मधे थांबली, आणि मार्च 2024 च्या टेम्पोरल फोर्सेसमध्ये परत आली. नियम कडक आहे: अख्ख्या डेकमध्ये एकच एस स्पेक. प्रत्येक नावाचं एक असं नाही, सगळी मिळून एक. मास्टर बॉल ठेवला तर प्राइम कॅचर ठेवता येत नाही. मुलं दोन-दोन घालून आणतात, म्हणून पहिल्या डावाआधी डेक चाळून बघायची सवय लावा.

एस स्पेक आयटमच असतो असं नाही. लेगसी एनर्जी ही एस स्पेक आहे आणि ती स्पेशल एनर्जी आहे. ती लावलेला पोकेमॉन समोरच्याच्या हल्ल्याच्या नुकसानाने पडला तर समोरचा एक प्राइझ कमी घेतो. म्हणजे ईएक्सला लावली तर दोनऐवजी एक. पण नॉक आउट नुकसानाने झाला पाहिजे. काउंटर ठेवून पाडला तर ही सवलत नाही. चौथ्या पायरीतला फरक इथे परत उपयोगी पडला, बघा.

स्पेशल एनर्जीला चारची मर्यादा आहे, आणि बेसिक एनर्जी शोधून देणारं कार्ड ती शोधू शकत नाही. डबल टर्बो एनर्जी दोन रंगहीन एनर्जी देते पण त्या पोकेमॉनच्या हल्ल्यातून 20 कमी करते. फुकट काही नाही.

एन्शंट आणि फ्यूचर ही नोव्हेंबर 2023 पासून दिसणारी लेबलं. त्यांचा स्वतःचा वेगळा नियम नाही. दुसरी कार्डं ती शोधतात, एवढंच. प्रोफेसर सादाज व्हायटॅलिटी हा सपोर्टर एन्शंट लेबल असलेल्या पोकेमॉनलाच एनर्जी लावतो.

सहावी पायरी: “एकदा” म्हणजे कितींदा

“पाळीत एकदा” असं ॲबिलिटीत लिहिलं असेल तर ते त्या एका पोकेमॉनपुरतं. बेंचवर तीन कर्लिया आहेत, प्रत्येकीची रिफाइनमेंट म्हणते की हातातलं एक कार्ड टाकून पाळीत एकदा दोन ओढा. तर तिघींची तीनदा चालते. पण पिजिऑट ईएक्सच्या क्विक सर्चमध्ये पुढे आणखी एक वाक्य आहे, की पाळीत एकापेक्षा जास्त क्विक सर्च वापरता येणार नाही. तिथे दोन पिजिऑट असले तरी एकदाच. ते जादा वाक्य नसेल तर प्रत्येकाची मोकळी.

“डावात एकदा” वेगळं. जीएक्स हल्ला अख्ख्या डावात एकच, कोणत्याही पोकेमॉनने केला तरी. व्हीस्टार पॉवरही तशीच. तीन व्हीस्टार असले तरी पॉवर एकच. आमच्याकडे वापरली की एक नाणं उलटं ठेवतात, म्हणजे नंतर आठवणीवर भांडण होत नाही.

आणि इंग्रजीतल्या छोट्या शब्दांवर बोट ठेवायला शिका. “मे” असेल तर करायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. “अप टू थ्री” म्हणजे तीनपर्यंत, एक घेतलं तरी चालतं. “इफ यू डू” म्हणजे आधीचं केलं तरच पुढचं. डेकमधून “बेसिक पोकेमॉन” असं विशिष्ट काही शोधायचं असेल तर मिळालं नाही म्हणून थांबता येतं, कारण डेक समोरच्याला दिसत नाही. “कोणतंही एक कार्ड” असेल तर घ्यावंच लागतं.

कार्ड खरं आहे ना?

सीताबर्डीच्या मेन रोडवर, इतवारीत आणि जत्रेत सोनेरी पत्र्यासारख्या कार्डांचे डबे मिळतात. एका मुलाने तशा डब्यातलं कार्ड आणलं आणि त्यावरच्या हल्ल्यावरून आमची अख्खी दुपार गेली. मजकूर अर्धवट, एनर्जीचा खर्चच छापलेला नाही. ज्या कार्डाचा मजकूर कोणी खेळासाठी लिहिलेलाच नाही, त्यावर नियम लावणार कसा? विकणाऱ्याने त्या पोराला खरं म्हणून विकलं होतं आणि त्याने वाढदिवसाचे पैसे त्यात घातले होते. मला त्याचं फार वाईट वाटलं.

खरं कार्ड 63 बाय 88 मिलिमीटरचं असतं, मागची निळाई गडद आणि एकसारखी, अक्षरं रेखीव. इंग्रजीत पोकेमॉन लिहिताना ई वर छोटी तिरकी रेघ असते, बऱ्याच नकली कार्डांवर ती नसते. एचपी हजाराच्या घरात असेल तर पुढे बघायचीच गरज नाही. खरं कार्डही स्टँडर्ड खेळात चालतं का, हे खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका अक्षरावरून कळतं. एप्रिल 2025 मध्ये एफ अक्षराची कार्डं स्टँडर्डमधून बाहेर गेली. घरी खेळताना हे पाळायची सक्ती नाही, पण स्पर्धेला जाण्याआधी बघा.

आणि कूलर. चकाकती कार्डं ओल्या हवेत वाकतात. कूलरच्या तोंडासमोर महिनाभर ठेवलेला डेक धनुष्यासारखा होतो. मग पिसलेल्या गठ्ठ्यात वाकडं कार्ड लांबूनच ओळखू येतं, आणि कोणतं कार्ड येणार ते आधी कळणं हा स्पर्धेत गुन्हा धरला जातो. प्लॅस्टिकच्या स्लीव्ह घाला, सगळ्या एकाच रंगाच्या. डेक बंद डब्यात ठेवा आणि डाव कूलरच्या झोतापासून बाजूला मांडा, नाहीतर प्राइझ कार्डं उडतात ती वेगळीच.

शंका उरलीच तर

हात थांबवा. कोणी पत्ता हलवायचा नाही. दोन्ही कार्डं मधे ठेवून एकाने मोठ्याने वाचायचं, चौकटीसकट, आणि दुसऱ्याने ऐकायचं. वाचणारा तो, ज्याच्या विरुद्ध ते कार्ड आहे. हे मुद्दाम, कारण आपलं कार्ड आपण हवं तसं वाचतो. तरी उत्तर नाही मिळालं तर पोकेमॉन टीसीजी लाइव्ह या ॲपवर तीच कार्डं खेळून बघता येतात, तिथे नियम आपोआप लागतात. तेही शक्य नसेल तर त्या डावापुरतं नाणं उडवा, डाव पूर्ण करा, आणि उत्तर नंतर शोधून वहीत लिहून ठेवा. आमची अशी एक वही आहे, तिच्या मागच्या पानांवर मुलांनीच उत्तरं लिहिली आहेत.

नव्या मुलासोबत पहिले चार डाव मी असे खेळते. पहिल्यात दोघांकडे फक्त साधे पोकेमॉन आणि बेसिक एनर्जी, प्राइझ मोजायची सवय व्हावी म्हणून. दुसऱ्यात प्रत्येकी एक ईएक्स आणि चार सपोर्टर. तिसऱ्यात एक टेरा, एक एस स्पेक आणि काउंटर ठेवणारा एखादा पोकेमॉन, आणि हा डाव दोघंही हात उघडे ठेवून खेळतो, बोलत बोलत, चुकलं की तिथेच मागे घेत. चौथ्याला मी उठून मागच्या खुर्चीवर जाते आणि त्याच्यासमोर त्याच्याच वयाचं मूल बसवते.